अकरा महिने फाईलमध्ये

“फाईल सापडत नाही, एवढंच लिहून द्या. पुढचं मी बघतो,” अधीक्षक साहेब दबक्या आवाजात म्हणाले.

फाईलबाई तळघरात उतरल्या. सव्वीस वर्षं त्या हॉस्पिटलचं रेकॉर्ड सांभाळत होत्या. खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं. बाईंकडे कागद मिळाला नाही तर समजावं, तो छापलाच नव्हता, अशी वॉर्डबॉय थट्टा करत.

फाईल अर्थातच जागेवर होती. एका शिंप्याची. खोकला थांबेना म्हणून त्याच्या छातीचा एक्स-रे काढला होता. रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहिलं होतं : उजव्या फुफ्फुसात गाठ, तातडीने पुढची तपासणी करावी. डॉक्टरांच्या सहीची जागा कोरी. कागद अकरा महिने तसाच पडून राहिला आणि शिंप्याला खोकल्याचं औषध मिळत राहिलं. कॅन्सर कळला तेव्हा तो हाडांपर्यंत पोचला होता. माणूस गेला. मुलीने हॉस्पिटलवर दावा लावला.

कोपऱ्यात रिपोर्ट मिळाल्याची सही होती. बाईंची.

त्यांनी सहीखालची तारीख पाहिली. डॉक्टरांनी न पाहिलेला रिपोर्ट फाईलला लावायचा नाही, हा त्यांचाच दंडक. पण त्या आठवड्यात डॉक्टर रजेवर होते, वरून तपासणी येणार होती, आणि साहेब ओरडले होते, “टेबलं रिकामी दिसली पाहिजेत!” बाईंनी सगळा गठ्ठा लावून टाकला होता. न वाचता.

दुसऱ्या दिवशी मुलगी खिडकीशी आली. “मावशी, आज तरी मिळेल का? तीन आठवडे नुसत्या चकरा मारतेय.”

“आत ये. बस.” बाईंनी शिक्का मारलेल्या प्रती तिच्यापुढे ठेवल्या.

मुलगी वाचत गेली. एका पानावर थांबली. “ही सही कुणाची?”

“माझी.”

“तुम्ही वाचलं नव्हतं?”

“नाही गं. कागद जागेवर लागला, एवढंच बघितलं.”

“बाबा उशीत तोंड खुपसून खोकायचे,” मुलगी म्हणाली. “आम्हाला त्रास नको म्हणून.”



सुनावणीत हॉस्पिटलच्या वकिलाने तो कागद नाचवला. “म्हणजे चूक तुमची?”

“माझी आहे. पण माझ्या एकटीची नाही,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी त्या आठवड्यातलं सगळं सांगितलं. साहेब खाली मान घालून बसले होते.

निकाल मुलीच्या बाजूने लागला. बाईंना निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं असताना घरी बसवलं.

निकालाच्या दिवशी त्या कोर्टाच्या पायऱ्या उतरत होत्या. गुडघा दगा देत होता, कठडा एका बाजूने तुटलेला. तोल जाणार तोच कुणीतरी कोपर धरलं. शिंप्याची मुलगी होती. तिने बाईंकडे पाहिलं नाही. एकेक पायरी उतरवत त्यांना खाली आणलं, हात सोडला आणि गर्दीत चालू लागली.