कस्तुराची उत्तरं

पंच्याहत्तर साली पिंपरीतल्या एका कंपनीत टूल स्टोअरची एक जागा निघाली आणि प्रेस शॉपमधल्या कोंडीरामने पहिल्याच दिवशी अर्ज टाकला. शॉपमधल्या लोकांना नवल वाटलं. स्टोअरमध्ये जाळीच्या खिडकीमागे दिवसभर एकट्याने बसायचं, ड्रिल आणि पाने द्यायचे, परत घ्यायचे. पगारात वाढ नाही. पण जागा जनरल शिफ्टची होती. सकाळी साडेआठला आत, पाचला बाहेर, बाराही महिने.

कोंडीरामला तेवढंच हवं होतं. त्याची बायको कस्तुरा जेठात काविळीने गेली होती. काळेवाडीच्या घरी दहा वर्षांची मुलगी नीला. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात ती शेजारच्या चिमाबाईंकडे जेवायची आणि तिथंच झोपायची. आता चिमाबाई दसरा झाला की मुलाकडे कुरुळीला राहायला जाणार होत्या. त्यांनी कोंडीरामला दोनदा बजावलं होतं. दुसऱ्यांदा म्हणाल्या, "पोरीचं बघ बाबा कायतरी. मी न्हाई म्हनत न्हाई, पन मी हितं नसनार."

जागेला तीन अर्ज आले. कोंडीराम, साहेबराव आणि किसन. पूर्वी अशी जागा फोरमनच्या शब्दावर मिळायची. त्या वर्षी पर्सोनेल खात्याला उपासनी नावाचे साहेब नवीन आले होते. वय सव्वीस, पुण्याला मानसशास्त्र शिकलेले. त्यांनी तिघांना एकेक छापील कागद दिला. शंभर प्रश्न, पुढे हो किंवा नाही. साहेबांनी समजावून सांगितलं की ही परीक्षा नव्हे, यात चूक-बरोबर काही नाही, माणसाचा स्वभाव कुठल्या जातीचा आहे तेवढं कळतं. उद्या भरून आणा.

शॉपमध्ये कुठलाही फॉर्म आला, रेशनचा असो की फंडाचा, तो कँटीनच्या टेबलावर भरायची रीत होती. एकाने वाचायचं, बाकीच्यांनी लिहायचं. वाचायचा मान जुने फिटर दौलतराव यांचा. ते म्हणाले, "बरोबर-चूक नसतं तर साहेब तपासणार काय, राव?" मग जेवणाच्या सुट्टीत त्यांनी कंपनीला काय आवडेल ते एकेक करून ठरवलं. कधी राग येतो का, नाही. कधी खोटं बोलता का, नाही. किसनने विचारलं, बायकोशीबी न्हाई का. दौलतराव म्हणाले, बायकोचं वेगळं छापलेलं नाही, तू नाही लिही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तिघांना बोलावलं. तीन कागद पहिल्यापासून शंभराव्यापर्यंत सारखे होते. साहेब चिडले नाहीत. जुळ्या भावांचेसुद्धा असे येत नाहीत, एवढंच म्हणाले. मग तिघांना ट्रेनिंगच्या खोलीत लांब लांब बसवून नवे कागद दिले.

आता कोंडीराम एकटा होता. नवीन माणसांशी बोलायला आवडतं का, हा पहिला प्रश्न. त्याला उत्तर येईना. आपण कसे आहोत हे ठरवायची वेळ लग्नाच्या तेरा वर्षांत त्याच्यावर आली नव्हती. ते काम कस्तुराचं होतं. कोणी त्याला वांग्याची भाजी वाढायला लागलं की तीच सांगायची, त्यांना नाही आवडत. पाहुण्यांना सांगायची, हे एसटीत बसले की उतरेपर्यंत शेजाऱ्याचं गाव, जमीन, जावई सगळं काढून घेतात. तेव्हा पहिल्या प्रश्नाला त्याने हो लिहिलं. राग फार वेळ टिकतो का? ती म्हणायची, तुमचा राग चहा होईपर्यंत. नाही लिहिलं. लग्नकार्यात पुढाकार घेता का? तिच्या बहिणीच्या लग्नात त्याने दोन दिवस वाढप केलं होतं आणि घसा बसवून घेतला होता. हो. अर्ध्या तासात शंभर प्रश्न झाले. जेठापासून तिचं बोलणं इतका वेळ त्याच्या डोक्यात राहिलं नव्हतं.

चार दिवसांनी साहेबांनी त्याला खुर्ची दिली. खूश होते. म्हणाले, काही माणसांचं मन आत वळलेलं असतं, काहींचं बाहेर. तुम्ही बहिर्मुख, कागद अगदी स्वच्छ आहे. स्टोअरमध्ये तुम्ही वाळून जाल. तिथं किसन बरा. तुमचं नाव मी चार्जहँडसाठी पाठवतो, वीस माणसं हाताखाली येतील, पगारही वाढेल.

चार्जहँडला तिन्ही शिफ्ट होत्या. कोंडीरामने मुलीचं सांगितलं, चिमाबाईंचं सांगितलं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले की घरच्या अडचणी तिघांच्याही आहेत, त्या ऐकून जागा द्यायच्या नाहीत म्हणूनच हा कागद आणला. आणि माणसाचा स्वभाव तरुणपणी ठरतो, पुढे फारसा बदलत नाही. कागदातच चूक असेल तर गोष्ट वेगळी.

"चूक आहे," कोंडीराम म्हणाला. "ही उत्तरं माझी नाहीत. बायकोची आहेत."

ती कधी गेली आणि उत्तरं कशी लिहिली, ते त्याने थोडक्यात सांगितलं. साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग ते सावकाश बोलले. माणूस स्वतःबद्दल चुकतो, पण जवळचं माणूस सहसा चुकत नाही. तेरा वर्षं ज्या बाईने पाहिलं तिची उत्तरं तर जास्तच खरी धरायला हवीत.

कस्तुराने ओळखलेला माणूस खोटा नव्हता. एसटीत तो बोलायचा, लग्नात तो ओरडायचा. आणि गेले चार महिने तो जेवणाचा डबा भंगाराच्या ढिगामागे नेऊन खात होता, तेही खोटं नव्हतं. यातला स्वभाव कुठला, हे कोंडीरामला कळत नव्हतं. साहेबांना कळत असेल असंही वाटेना. एवढं मात्र कळलं की तिला आपली ओळख होती असं म्हटलं, तर दसऱ्यानंतर नीला घरात एकटी.

"नाही साहेब," तो म्हणाला. "तिला माझी पारख नव्हती."

"तेरा वर्षांत?"

"नव्हती. लिहून घ्या."

साहेबांनी लिहून घेतलं आणि तिसरा कागद दिला. या वेळी कोणाला आठवावं लागलं नाही. नवीन माणसांशी बोलायला आवडतं का, नाही. गर्दीत बरं वाटतं का, नाही. हात चालत राहिला.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी कोंडीरामच्या नावाने स्टोअरची ऑर्डर आली. किसनपेक्षाही याचं मन जास्त आत वळलेलं निघालं होतं. सहीसाठी बोलावलं तेव्हा कोंडीरामने तो दुसरा कागद घरी नेऊ का म्हणून विचारलं. साहेब म्हणाले, रद्द झालेला कागदही फाइलमध्येच राहतो.

"आणि मी तिच्याबद्दल बोललो ते?"

"तेही राहतं, तारखेसकट."

ते तेवढं काढता येईल का, असं त्याने विचारलं. साहेबांनी फाइल उघडून पाहिली. त्याच वाक्यावर तर दुसरा कागद रद्द झालाय, ते म्हणाले. ते काढलं तर ही ऑर्डरही काढावी लागेल.

"मग राहू द्या," कोंडीराम म्हणाला, आणि त्याने सही केली.