भाजलेला घेवडा

माझ्या घरात कडधान्याला कीड लागत नाही. फुशारकी म्हणा हवं तर. आधी निवडते, दोन दिवस उन्हात टाकते, मग कढईत हाताला चटका बसेल इतकं गरम करते. पार गार झालं की कोरड्या बरणीत भरायचं आणि झाकण घट्ट लावायचं. दोन-दोन वर्षं दाण्याला धक्का लागत नाही. शेजारणी विचारायला येतात आणि मी त्यांना दोन गोष्टी सुनावल्याशिवाय सोडत नाही.

माझी नणंद दुखण्यातून उठलीच नाही. ती गेल्यावर सासूबाईंनी लेकीच्या घरून एकच वस्तू मागून आणली, काचेच्या बरणीत वाटीभर घेवडा. तिने आपल्या गॅलरीत वेल लावला होता, त्याचे वाळवलेले दाणे. साड्या, भांडी, कशालाच त्यांनी हात लावला नाही. बरणी त्यांच्या खोलीत खिडकीत असायची.

एकदा त्या दवाखान्यात गेल्या होत्या आणि मी खोली झाडत होते. बरणीत दोन किडे फिरताना दिसले. माझं टाळकंच सटकलं. लेकीची एवढी एक आठवण, तीही किड्यांच्या घशात घालायची? लगेच कढई तापवली. नेहमीपेक्षा जरा जास्तच भाजले दाणे, म्हटलं, यांना काही होता कामा नये. सासूबाई आल्यावर बोललेही नाही. मनातल्या मनात स्वतःची पाठ तेवढी थोपटून घेतली.

थंडी सरल्यावर त्यांनी मोठी कुंडी मागवली, गुडघे धरत खाली बसल्या आणि दहा दाणे पेरले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. भाजलेला दाणा कधी उगवतो का? पण तोंड उघडायची हिंमत झाली नाही. वाटलं, एखादा तरी फुटेल.

आठ दिवस गेले, पंधरा गेले. त्यांनी आणखी दहा पेरले. रोज सकाळी चष्मा लावून माती बघायच्या. शेवटी काडीने उकरून पाहिलं, तर दाणा कुजलेला. त्या माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "माझ्या हातालाच आता गुण राहिला नाही. लेक जगली नाही, तिचा वेल काय जगणार."

हे मात्र मला ऐकवेना. भाजी चिरत होते, ती तशीच टाकली, त्यांच्यासमोर जाऊन बसले आणि सगळं सांगून टाकलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. त्या रागावतील, चार शिव्या घालतील, अशी आशा होती मला. हो, आशाच.

त्यांनी एवढंच विचारलं, "सगळेच भाजलेस?"

"सगळे, आई. एकही ठेवला नाही."

त्यांनी खिडकीतली बरणी मांडीवर घेतली. मग हळूच म्हणाल्या, "किड्यांनी दोन-चार तरी सोडले असते गं."