ओर्नासाठी कॉलेज शोधताना

लेआ झिराडकर गुरुवारी पहाटे गेली. छावणी भागातल्या दोन खोल्यांच्या घरात तिचा नवरा बिनयामिन हातात फोन घेऊन बसला आणि दुपारपर्यंत एकच काम करत राहिला. माणसं जमवत राहिला.

झिराडकर म्हणजे बेने इस्रायल, महाराष्ट्रातले जुने ज्यू. त्यांच्यात माणूस गेलं की त्याच्या नावानं कादिश म्हणतात. ही प्रार्थना म्हणायला आपल्यातले दहा पुरुष उभे असावे लागतात, एक जरी कमी पडला तरी ती म्हणता येत नाही. आणि गावात आता झिराडकरांचं एकच घर उरलं होतं. बिनयामिनच्या लहानपणी छावणीत पाच घरं होती. एक ठाण्याला गेलं, दोन इस्रायलला गेली, एका घरात फक्त म्हातारी होती, ती वारली.

ठाण्याहून चुलतभाऊ आणि त्याची दोन मुलं निघाली. पुण्याहून पाच जण आले. बिनयामिन धरून नऊ झाले. दहावा, लेआचा मामेभाऊ, नाशिकहून निघाला होता, पण येवल्याच्या पुढं त्याची गाडी बंद पडली. पाच वाजले. दफन सूर्य मावळायच्या आत व्हायला हवं होतं.

शेजारचे काकासाहेब सकाळपासून धावपळ करत होते. कबर खणायला माणसं त्यांनीच आणली होती. ते बिनयामिनच्या जवळ आले आणि हळूच म्हणाले, "सर, एकच माणूस कमी पडतोय म्हणं. मी उभा राहतो की. मी काय परका हाय व्हय?"

बिनयामिनला त्यांचा हात धरावासा वाटला. "परके नाही, काकासाहेब. पण ते तसं चालत नाही."

तेव्हा ओर्ना पुढं झाली. बिनयामिनची एकुलती एक मुलगी, तेव्हा अकरावीत होती. रडून तिचे डोळे सुजले होते. "मी आहे ना, पप्पा. मला धरून दहा होतात."

ठाण्याच्या चुलतभावानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "बाळा, बाया मोजत नाहीत."

लेआला कादिशविना मातीआड केलं. नाशिकचा मामेभाऊ अंधार पडताना पोचला आणि दारातच बसून राहिला.

त्यानंतर दीड वर्ष ओर्नानं ह्या गोष्टीचा शब्द काढला नाही. अभ्यास केला, बारावीचे क्लास केले, स्वयंपाक केला. बिनयामिन छावणीतल्या एका शाळेत गणित शिकवायचा. त्याला वाटलं, पोरगी सावरली.

बारावीच्या परीक्षेआधी दोन महिने ती लॅपटॉप घेऊन त्याच्या समोर बसली. तिनं यादी केली होती. इतर मुलं कॉलेजची फी बघतात, कटऑफ बघतात. ओर्नाच्या यादीत प्रत्येक कॉलेजपुढं एकच आकडा होता, तिथं आपले किती.

"इथल्या कॉलेजांपुढं काहीच नाही लिहिलंस," बिनयामिन म्हणाला.

"इथं मी एकटी असणार. ते काय लिहायचं?"

पुण्याच्या एका कॉलेजपुढं सतरा लिहिलं होतं. तिथल्या ज्यू विद्यार्थी मंडळाचं पान तिला इंटरनेटवर सापडलं होतं. सणावारांचे फोटो होते, मुलंमुली मलिद्याच्या ताटाभोवती बसलेली होती, पोहे, गूळ, खोबरं, फळं. आणि यादीच्या शेवटी कॅनडातलं एक विद्यापीठ होतं. त्याच्यापुढं आकडा होता, चारशे.

"एवढ्या लांब?"

"मी तिथल्या एका मुलीशी बोललेय. हाना नाव आहे. दर शुक्रवारी तीस-चाळीस जण एकत्र जेवतात. आणि पप्पा, त्यांच्यात मुली मोजतात. दहात. मी तिला आईचं सांगितलं. ती म्हणाली, तू ये, तुझ्या आईच्या वर्षदिवशी आम्ही सगळे तुझ्याबरोबर उभे राहू. कादिश तूच म्हण."

बिनयामिननं चष्मा काढला. त्याच्या मनात दोन गोष्टी एकदम आल्या. त्यातली एक त्यानं बोलून दाखवली, दुसरी नाही.

"बाया मोजून म्हटलेला कादिश तुझ्या आईला पोचायचा नाही."

"आणि न म्हटलेला पोचतो?"

तो उठून मोरीत गेला आणि उगीचच हात धुवत राहिला. न बोललेली गोष्ट अशी होती की ती गेली तर ह्या गावात तो एकटाच उरणार होता. त्याला कबरीत उतरवायला काकासाहेब असतील. बाकी कुणी नाही.

बाहेर येऊन तो म्हणाला, "आधी पुणं बघू. परीक्षा झाली की जाऊ. आपल्या पद्धतीचं आहे, पाच तासांवर आहे. ते जमलं नाही तर मग कॅनडाचं बघू."

"कॅनडाची अर्जाची तारीख परीक्षेच्या आधी संपते, पप्पा. नुसता अर्ज करून ठेवते."

"एकदा पुणं म्हटलं ना मी?"

ओर्नानं लॅपटॉप मिटला. गुपचूप अर्ज करायचा विचार तिच्या मनात येऊन गेला. पण शिक्षकांच्या शिफारशी लागत होत्या, वडिलांची सही लागत होती, आणि तिनं आजवर त्याच्यापासून काही लपवलं नव्हतं. तारीख गेली.

एप्रिलमध्ये दोघं सकाळच्या एसटीनं पुण्याला गेले. नगरपर्यंत ओर्ना गप्प होती, नगरच्या पुढं मात्र बोलायला लागली. खोली कशी मिळेल, शुक्रवारी कुणाकडं जमत असतील, आपण मलिद्याला खोबरं आईसारखं जाड खवतो ते त्यांना आवडेल का. बिनयामिनला किती दिवसांनी तिचा असा आवाज ऐकू येत होता. त्याला वाटलं, आपलं बरोबर होतं.

मंडळाच्या पानावर फोन नंबर होता. त्यावर बोलून ठरल्याप्रमाणं कॉलेजच्या कँटीनमध्ये एक मुलगा आला. डेव्हिड आष्टमकर, एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. दाढी वाढलेली, पाठीवर सॅक. त्यानं बिनयामिनला वाकून नमस्कार केला, तिघांसाठी चहा सांगितला.

"बाकीचे कधी येतील?" ओर्नानं विचारलं.

डेव्हिड चहाच्या ग्लासाकडं बघत राहिला. "बाकीचे नाहीत."

"म्हणजे? परीक्षा चालू आहेत?"

"नाहीतच कुणी. मी आलो तेव्हा अकरा जण होतो. सतरा तर त्याच्याही आधी. मग एकेक पास होऊन इस्रायलला गेला. कुणी अश्दोद, कुणी लोद, कुणी बेरशेबा. दोन वर्षं मी एकटाच आहे."

"पण पान चालू आहे," ओर्ना म्हणाली. "मागच्याच सणाला फोटो टाकलेत."

"ते जुनेच. दर सणाला मी एखादा काढून टाकतो." त्याचा चेहरा शरमेनं लाल झाला. "बंद करावंसं वाटलं नाही. वाटलं, कुणीतरी बघून येईल. तू पहिली आलीस."

शेजारच्या टेबलावर मुलं मोठमोठ्यानं हसत होती.

शेवटी बिनयामिननं विचारलं, "मग तुम्ही तरी इथंच आहात ना?"

"ऑगस्टचं तिकीट आहे, अंकल. घरचे सगळे आधीच गेलेत." मग तो ओर्नाला म्हणाला, "पान तू चालवशील? पासवर्ड देतो."

ओर्नानं मान हलवली. नको.

परतीच्या गाडीत ती खिडकीला डोकं लावून बसली. डोळे मिटलेले होते, पण झोपलेली नव्हती. शिरूरजवळ बिनयामिन म्हणाला, "लिही त्या हानाला. कॅनडाला जा तू."

तिनं डोळे उघडले नाहीत. "आता पुढच्या वर्षीच."

"पुढच्या वर्षी तर पुढच्या वर्षी. मी सही करतो. शिफारस मुख्याध्यापकांकडून मी स्वतः आणतो." थोड्या वेळानं त्यानं न बोललेलंही बोलून टाकलं. "मला एकटं राहायची भीती वाटली, ओर्ना. धर्माचं नुसतं निमित्त होतं."

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

वर्षभर ओर्ना घरीच राहिली. मुलांच्या शिकवण्या घेतल्या, इंग्रजीची परीक्षा दिली, अर्ज केला. आईच्या दुसऱ्या वर्षदिवशी बिनयामिननं ठाण्याला फोन केला, तर इस्रायलला जायचं म्हणून चुलतभावाचं घर विकायला निघालं होतं. इथून दोघंच कबरीवर गेले, दगडावरची धूळ पुसली आणि परत आले. मार्चमध्ये विद्यापीठाचं पत्र आलं. प्रवेश मिळाला, शिष्यवृत्तीही मिळाली. काकासाहेबांच्या बायकोनं, द्वारकाबाईंनी, गल्लीत पेढे वाटले. "लेआताईनं बघायला पाहिजे होतं," म्हणत डोळे पुसले. हाना रोज फोन करायची. तिनं ओर्नासाठी खोलीसुद्धा बघून ठेवली होती.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात व्हिसा नाकारल्याचं पत्र आलं.

ओर्नानं ते वाचलं आणि लॅपटॉप बापाकडं वळवला. शिक्षण संपल्यावर अर्जदार मायदेशी परतेल याची आमची खात्री पटत नाही, असं लिहिलं होतं. कारणांत एक ओळ होती, मायदेशातले कौटुंबिक संबंध पुरेसे नाहीत.

बिनयामिननं ती ओळ परत परत वाचली. मायदेशात तिचं होतं कोण? तो एकटा.

त्यानं औरंगपुऱ्यातला व्हिसाचा एजंट गाठला. पुन्हा अर्ज केला. बँकेची कागदं, शाळेचं पत्र, काकासाहेबांचं हमीपत्रसुद्धा जोडलं. काकासाहेब म्हणाले, "लिहा की, आम्ही समदे तिचे नातेवाईकच हावोत. लई मोठं घर हाय म्हणावं तिचं." एजंटानं ते पत्र ठेवून घेतलं, पण तो हसला. ऑगस्टमध्ये तेच उत्तर आलं, त्याच शब्दांत. विद्यापीठानं कळवलं की प्रवेश पुढच्या वर्षावर ढकलता येणार नाही.

त्या दिवशी हानाचा फोन दोनदा वाजला. ओर्नानं घेतला नाही. नंतर तो यायचा बंद झाला.

इथल्या कॉलेजांचे प्रवेश संपत आले होते. बिनयामिनच्या ओळखीनं एका ठिकाणी बीएस्सीला जागा मिळाली. फॉर्म ओर्नानं मोबाइलवर भरला. ह्या वेळी तिनं यादी केली नाही, काही विचारलंही नाही. कॉलेज घरापासून जवळ आहे एवढंच म्हणाली. पहिल्याच आठवड्यात मेघा नावाची मैत्रीण मिळाली, तिच्या स्कूटीवर ये-जा सुरू झाली. वरवर बघणाऱ्याला पोरगी मजेत दिसली असती.

बिनयामिननं उभ्या आयुष्यात शनिवारी काम केलं नव्हतं. शनिवार विश्रांतीचा, देवाचा. नोकरीला लागला तेव्हा शाळेत शनिवारी अर्धा दिवस असे. त्यानं मुख्याध्यापकांपुढं उभं राहून सांगितलं होतं, रविवारी जादा वर्ग घेईन, पण शनिवारी येणार नाही. सहा महिने भांडण चाललं, नोकरी जायची वेळ आली, आणि शेवटी त्याचं ऐकलं गेलं. लेआ ही गोष्ट ओर्नाला कौतुकानं सांगायची.

सप्टेंबरातल्या एका शनिवारी सकाळी ओर्ना पांढरा एप्रन घडी करून पिशवीत घालत होती.

"आज?" बिनयामिननं विचारलं.

"केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल. दर शनिवारी आहे."

"मॅडमना सांगून बघितलंस? दुसऱ्या बॅचला बसवतील. मी येऊन बोलू का?"

ओर्नानं पिशवीची चेन लावली. आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. "कशाला, पप्पा? कुणासाठी?"

त्याच्या तोंडात मुख्याध्यापकांची ती जुनी गोष्ट आली होती. त्यानं ती गिळली. ओर्नाला तेव्हाच कॅनडाचा अर्ज करू दिला असता तर आज सांगायला तोंड असतं. बाहेर स्कूटीचा हॉर्न वाजला. ओर्ना चपला घालून गेली.

तो दिवसभर घरात बसून राहिला. प्रार्थनेचं पुस्तक मांडीवर होतं, पण पान उलटलं गेलं नाही. दुपारी द्वारकाबाई भाजी ठेवून गेल्या.

चार वाजता ओर्ना परत आली. बोटांना कसल्याशा आम्लाचे पिवळे डाग पडले होते.

"कसं झालं?" त्यानं विचारलं.

"झालं," ती म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.