दहाव्याला काढलेले केस

हे सगळं २०२३ सालातलं. त्या जानेवारीत माझा धाकटा भाऊ आनंद गेला आणि डोंबिवलीच्या घरात मी आणि त्याचा मुलगा साकेत असे दोघंच उरलो. भावजय आधीच गेली होती. मी बिनलग्नाची, कायम भावाकडेच राहिलेली.

साकेत तेव्हा चौतिशीचा. केस विशीतच जायला लागले होते. आमच्या वडिलांच्या काळी पुरुष टोपी घालत. नवऱ्याला टक्कल आहे हे लग्नानंतर कळे आणि कुणी त्याचं फारसं मनावर घेत नसे. साकेतची स्थळं मात्र फोटो पाहूनच परत जायची. एक मुलगी घरापर्यंत आली, तर त्यालाच म्हणाली, "काका, जरा पाणी मिळेल का?" त्यानंतर त्याने मुली बघणं सोडलं.

आनंदच्या दहाव्याला त्याने केस काढले. चकोट डोक्याने ठाण्याच्या ऑफिसात गेला, तेव्हा तिथे श्रिया नावाची मुलगी नवीन आली होती. ती आपणहून त्याच्या टेबलापाशी आली. "घरी कोण गेलं?" म्हणून विचारलं. तिचेही वडील महिनाभरापूर्वीच गेले होते. दोघं डबा एकत्र खाऊ लागले. ती काय बोलली ते साकेत मला येऊन सांगायचा. कितीतरी वर्षांनी तो जेवताना बोलत होता.

पुढे एकदा ती म्हणाली, "अरे, माझ्या भावाचे केस तर एव्हाना बरेच आलेले."

"मी ठरवलंय," साकेतने ठोकून दिलं, "बाबांसाठी वर्षभर केस ठेवायचे नाहीत."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, असं त्यानेच मला सांगितलं. सांगताना माझ्याकडे बघत नव्हता. ऑफिसातल्या जुन्यांनीही, दुःखाचं घर म्हणून, तिच्यापाशी टकलाचा विषय काढला नाही.

मग रोज सकाळी दार लावून वस्तरा. पावसाळ्यात तापाने आठवडाभर झोपला, तेव्हा कानांवर काळी कड धरली, वर काही नाही. श्रिया भेटायला येते म्हणाली, तर त्याने येऊ दिलं नाही.

तोवर दोघांनी लग्नाचं ठरवलं होतं. घरात वडील गेले की लग्न वर्षाच्या आत करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. श्रियाच्या आईने म्हणून घाई केली. दिवाळीत श्रिया आमच्याकडे फराळाला आली.

"आत्या, आईचं एकच म्हणणं आहे," ती हसत म्हणाली, "याला लग्नापुरते तरी केस वाढवायला सांगा. सगळ्या फोटोंत सुतकी दिसेल हा! बाबा काही रागावणार नाहीत रे, साकेत."

साकेतने हातातली बशी खाली ठेवली. "मला तीन वर्षं थांबायचंय."

"अरे, असं अचानक?"

"बाबांसाठी."

"बाबांसाठी, की मी नकोय?"

तो बशी उचलून आत गेला. तिने पर्स उचलली. मी तिला रिक्षापर्यंत सोडायला उतरले.

"माझं काय चुकलं, आत्या?"

"तुझं काही नाही गं," मी म्हटलं. पुढचं सांगायचं ते त्याने सांगायचं होतं.

वर आल्यावर मी त्याला म्हटलं, "टक्कल आहे म्हणायला कसली लाज? तिला चाललं असतं."

"टकलाचं सांगितलंही असतं गं. पण मेलेल्या बापाच्या नावावर इतके महिने थापा मारल्या, ते कसं सांगू? रडलेली ती ते ऐकून."

तिचे फोन त्याने घेतले नाहीत. श्रियाने होळीपर्यंत वाट पाहिली, मग नाशिकला नोकरी धरली. तिथेच लग्न झालं. मुलगी झाल्याचं तिनेच मला फोन करून कळवलं. साकेतची चौकशी केली नाही. तिची आई आता तिच्याकडेच असते. साकेत त्याच ऑफिसात आहे. वर्षश्राद्धानंतर त्याने वस्तरा सोडला. आहेत तेवढे केस कानांवर राहू देतो. नव्या मुली त्याला सर म्हणतात. मला आता जिना उतरवत नाही. संध्याकाळी तो आला की मी पानं घेते, काहीतरी विचारते. तो हो म्हणतो आणि टीव्ही लावतो.