दिवसा लावलेला अडसर

मित्रांनो, दार आतून बंद करायला आडवे लाकूड लावतात ना, तसा मी एक जुना अडसर आहे. अर्जुनीकडे रेल्वेचे रूळ पडत होते, त्या सुमारास सुकराम सुताराने मला ऐनाच्या लाकडातून तासले. गावाभोवती दाट जंगल होते. "वाघ जरी धडकला तरी हा हलत नाई," सुकराम म्हणाला. मला फार अभिमान वाटला.

यादोरावाच्या घरी रात्री मी दाराला असे आणि दिवसा कोपऱ्यात उभा. पण कधी कधी यादोराव मला भरदुपारी लावी. भातात खडा लागला, पाणी आणायला उशीर झाला, एवढे निमित्त पुरे. मग तो बायकोला, फुलवंताला, मारी. दिवसा बंद दार दिसले की शेजारी आपापली मुले घरात बोलावून घेत. म्हाताऱ्या अनुसयाबाई तेवढ्या येऊन दार ठोठावत.

"काऊन मारून राहिला रे तिले?"

"माह्या घरची गोष्ट हाये, काकी. तू आपली चूल पाय."

मी मजबूत होतो. काकी बाहेरच राहत.

एकदा सुजलेल्या हाताला हळद लावताना फुलवंता लेकीला म्हणाली, "माह्या बापाच्या घरीबी असाच अडसर होता, शामकला. तवा माय आन मी, दोघीबी आत."

शामकला तेव्हा पाच वर्षांची होती. मार सुरू झाला की ती माझ्याकडे धावे, टाचा उंच करी. बोटे पोचत नसत. मला स्वतःहून सरकता येत नव्हते. दरवर्षी ती थोडी उंच होई आणि मी वाट पाही. दहाव्या वर्षी तिने खांदा लावून मला खाली पाडले. दार उघडले, काकी आत आल्या आणि यादोरावाचा हात थांबला.

"पोरगी हाताबाहेर चालली," तो म्हणाला. त्याच वैशाखात त्याने तिचे लग्न लावून दिले.

पोळ्याला ती माहेरी आली. मनगट काळेनिळे होते. "पाय घसरला," तिने काकींना सांगितले. त्या गेल्यावर फुलवंताने हळूच विचारले, "तिथचा अडसर लय जड हाये का वो?"

शामकला माझ्याकडे पाहत म्हणाली, "दोन हायेत, माय."

आता मी गोठ्यात पडून आहे. अंगाला वाळवी लागली आहे. मित्रांनो, वाघ एकदाही आला नाही. दिवसा बंद दारामागून रडणे ऐकू आले, तर घरात जाऊन बसू नका. सगळे मिळून दार ठोठावा, ढकला. काकी एकट्या होत्या, म्हणून मी टिकलो.