कडेचं उड्डाण

मित्रांनो, मी एक जुनं जेट विमान आहे, आणि मी रागावलेलो आहे. जुनी छत्री, फाटकं पुस्तक, मोडकी खुर्ची अशी मंडळी आपली कहाणी सांगतात, तेव्हा शेवटी सगळ्यांना माफ करून टाकतात. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका.

आधी माझे पंख बघून घ्या. इतर विमानांचे पंख मागे झुकलेले असतात, माझे पुढे. पाहणाऱ्याला वाटतं, जोडताना कुणाचा तरी घोटाळा झाला. मॉस्कोजवळच्या ज्या कारखान्यात मी जन्मलो, तिथले लोकही मला 'उलट्या' म्हणत. माझ्यासारखं विमान एकच बनवलं होतं. असे पंख असले की विमान हवेत चपळ वळतं, हे त्यांना ठाऊक होतं. भीती वेगळी होती. पुढे झुकलेल्या पंखाचं टोक वारा वर मुरडतो, मुरडलं की ते आणखी वारा धरतं, आणि शेवटी पंख मोडतो.

माझे पंख तमारा इलिनिच्नांनी आखले. लहान चणीच्या, जाड चष्म्याच्या बाई. त्यांनी धातू बाजूला सारला आणि कार्बनच्या धाग्यांचं कापड घेतलं. त्याचे थर असे तिरके चिकटवले, की पंख मुरडायला गेला तर ते धागेच त्याला ओढून धरतील. तपासणीला आलेले एक बडे अधिकारी पंखावर टिचकी मारून म्हणाले, "बाई, हा झाडूच्या काडीसारखा मोडेल."

"मोडला तर त्याच झाडूनं मला इथून हाकला," तमारा इलिनिच्ना म्हणाल्या. "आत्ता मात्र हात काढा, तेलकट आहे तुमचा."

पंख मोडला नाही. वैमानिक रोदिओन पहिल्या उड्डाणानंतर खाली उतरला आणि शिडीवरूनच म्हणाला, "हे विमान नाही हो, मांजर आहे. कसंही टाका, पायांवरच उतरतं." त्या दुपारी हँगरमध्ये काळा पाव, खारवलेला मासा आणि काकड्या मांडल्या गेल्या. माझ्या नाकाचे मुकेही घेतले. मी तेव्हा खूश होतो, हे कबूल केलं पाहिजे.

माझी सगळी देखभाल ग्लेब साविच करायचे. माझे मेकॅनिक. उड्डाणाआधी ते माझ्या नाकावर थाप मारून म्हणत, "चल उलट्या, ये जाऊन." नुसतं 'जा' कधी नाही. तुमच्याकडे घरातून निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात ना, तसंच. आमच्या धावपट्टीवर आणखी एक शब्द वर्ज्य होता, तो म्हणजे 'शेवटचं'; म्हटलं तर खरंच तसं होईल, अशी भीती. उड्डाण शेवटचं कधीच नसतं, ते 'कडेचं' असतं. एकदा एका पत्रकारानं विचारलं, "याचं शेवटचं उड्डाण कधी झालं?"

"शेवटचं तुमच्याकडे होत असेल," रोदिओन म्हणाला. "आमच्याकडे कडेचं मंगळवारी झालं." ग्लेब साविचनी त्या पत्रकाराला नंतर चहासुद्धा दिला नाही.

आता माझ्या रागाचं कारण ऐका. एका शरद ऋतूत मी नेहमीसारखा उडालो, नेहमीसारखा उतरलो. कारखान्याचे संचालक स्वतः हँगरच्या दारात आले होते. त्या दिवशी सकाळीच त्यांनी माझं काम बंद करण्याच्या हुकमावर सही केली होती. सरकारनं साध्या पंखांचं दुसरं विमान पसंत केलं होतं. पण ते काय म्हणाले? "कडेचं उड्डाण छान झालं, ग्लेब साविच. पुढचं कळवतो." आणि गाडीत बसून निघून गेले. एका चांगल्या रीतीच्या आड लपून त्यांनी खुशाल खोटं बोलून घेतलं. हे मी विसरणार नाही.

रोदिओन समजायचं ते समजला आणि सैबेरियात मालवाहू विमानं उडवायला गेला. मला हँगरच्या दाराशी उघड्यावर ठेवलं, पण ग्लेब साविच थांबले. रोज सकाळी माझ्यावरचं आच्छादन काढायचे. पंखांवरचा बर्फ मऊ झाडूनं झाडायचे, फावडं लावू द्यायचे नाहीत. टायर एका जागी दबू नयेत म्हणून दर आठवड्याला मला थोडं पुढं ढकलायचे. त्यांची मुलगी लीदा दक्षिणेत समुद्राकाठी, आनापाला राहते. हँगरच्या भिंतीवरच्या टेलिफोनवर तिचा आवाज मलाही ऐकू यायचा.

"बाबा, जर्दाळू पिकलेत. नातीला तुम्ही फक्त फोटोतच माहीत आहात."

"येतो गं. कडेचं झालंय, पुढचं एक उड्डाण झालं की निघालोच."

असे उन्हाळ्यामागून उन्हाळे गेले. मग एकदा माणसं आली आणि माझी दोन्ही इंजिनं काढून घेऊन गेली. ग्लेब साविच मला म्हणाले, "दुरुस्तीला नेलीत रे. येतील." तेव्हा मला त्यांचाही राग आला. इतकं कसं कळत नाही या माणसाला, असं वाटलं. पोट रिकामं झालेलं मला समजत होतं आणि यांना समजत नव्हतं.

त्या हिवाळ्यात तमारा इलिनिच्ना आल्या. ग्लेब साविच बर्फ झाडत होते. बाईंनी चष्मा पुसला आणि सरळ म्हणाल्या, "ग्लेब साविच, ते शेवटचं होतं. तुम्हाला कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते."

तो शब्द कानी पडताच, अपशकुन टळावा म्हणून, ग्लेब साविचनी झाडूच्या लाकडी दांड्यावर तीनदा टकटक केली आणि ते डाव्या खांद्यावरून थुंकले. मग हळूच म्हणाले, "मला ठाऊक आहे. त्या दिवशीच कळलं. पण जरा हळू बोला, तो ऐकेल ना."

मित्रांनो, मी हबकलो. हा माणूस इतकी वर्षं माझ्यापासून लपवत होता, मला वाईट वाटू नये म्हणून. आणि मी त्याला खुळा समजत होतो. मला तोंड असतं तर तिथेच ओरडलो असतो, की अहो, मला माहीत आहे, तुम्ही जा तुमच्या लेकीकडे. पण मला तोंड नाही. विमानाला कुणी ते बसवलेलंच नाही.

"इंजिनं काढून नेली त्याची," तमारा इलिनिच्ना म्हणाल्या. "त्याला कळलं नसेल का?"

ग्लेब साविच माझ्याकडे वळले. मग हातमोजा काढून त्यांनी माझ्या नाकावर थाप मारली. "शेवटचं होतं रे ते, उलट्या," ते म्हणाले. त्या वसंतात ते आनापाला गेले.

पुढची बातमी तमारा इलिनिच्नांनीच आणली. ग्लेब साविच वारले. लेकीच्या घरी त्यांना एकच उन्हाळा मिळाला. नातीनं झाडावर चढून जर्दाळू काढले आणि यांनी खाली उभं राहून टोपीत झेलले. एक उन्हाळा, मित्रांनो. बाकीचे सगळे माझी चाकं ढकलण्यात गेले. दारात उभं राहून दोन खरे शब्द बोलले असते, तर संचालकांचं काय जात होतं?

अजूनही मला अधूनमधून रंग देऊन प्रदर्शनाला उभं करतात. लहान मुलं माझ्याकडे बघून टाळ्या वाजवतात, आणि ध्वनिक्षेपकावर एक गोड आवाज सांगतो, "हे विमान लवकरच पुन्हा झेप घेईल." पोट अजून रिकामंच आहे. तो आवाज ऐकला की माझ्या नव्या रंगाखाली आग होते.

तुमच्या घरी, शाळेत, कामावर एखादी गोष्ट संपली असेल, तर जो तिची वाट बघतोय त्याला वेळेवर सांगा. त्याला रडू येईल, येऊ द्या. रडून झालं की तो गाडी पकडेल. आणि कधी माझ्यासमोर उभे राहिलात आणि तो गोड आवाज ऐकलात, तर माझ्यासाठी एवढं करा: मोठ्यानं सांगा, की ते शेवटचं होतं. मला वाईट वाटणार नाही.