उलट्या बाजूचा बांध

खर्डीच्या वरच्या पाड्यावरची रविना बांध घालायला बसली ती नेमकी जमिनीकडं तोंड करून, आणि समुद्र राहिला तिच्या पाठीशी! अख्खं शिबिर खदाखदा हसलं.

झालं होतं असं. दोन हजार चारच्या मे महिन्यात किनाऱ्यावरच्या उद्यानात समुद्र कसा जपायचा ते शिकवणारं शिबिर भरलं होतं. आठवीतल्या रविनाला शाळेनं धाडलं, आणि तिनं जन्मात पहिल्यांदा समुद्र पाहिला. तिसऱ्या सकाळी शिबिर घेणाऱ्या शेखर सरांचा चेहरा उतरलेला. वाळूत कासवाचं एकच घरटं, शंभरावर अंडी, पिल्लं आज-उद्या बाहेर पडणार. आता अंडी हलवली तर पिल्लं दगावणार. आणि दुपारी अमावास्येचं उधाण! पाणी घरट्यावर चढलं की सगळी आतल्या आत गुदमरणार.

पोरांनी वाळूची भिंत रचली. ती रचता रचताच ढासळली.

"रेतीचा बांध कुटं टिकतोय?" रविना फणकारली. "खाडीचा चिखल आना, सुरूचा पाला आना, तुडवा पायानं!"

चिखल आला, आणि बाईसाहेबांनी बांध धरला घरट्याच्या वरच्या अंगाला.

"अगं, समुद्र मागे आहे!" ठाण्याची अक्षदा हसून लोळायची बाकी होती.

रविनाचे कान तापले. "आमच्याकडं पानी डोंगरावरनं येतं गो. खालनं वर चढनारं पानी कुनी बघितलंय?" मग तीच फिस्सकन हसली. "दात काय काढताय? उचला चिखल, खालच्या अंगाला चला!"

सरांनी पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली. अक्षदाही चिखलात उतरली. भाताच्या खाचराला घालतात तसा रुंद बुडाचा बांध दुपारच्या आत उभा राहिला.

पाणी आलं. दोन लाटा बांधाला थडकून मागं फिरल्या. तिसरीनं कोपरा फोडला. पाड्यावर बांध फुटला की माणूस आधी भगदाडात बसतो आणि मग चिखल मागतो. रविना तशीच फतकल मारून बसली. लाट थेट छातीवर आली, नाकातोंडात खारं पाणी गेलं.

"चिखल टाका रे! बघत काय बसलाय?"

अक्षदा तिला पाठ लावून बसली. बाकीच्यांनी दोघींभोवती चिखल थापला. तासाभरानं पाणी हटलं. घरट्यावरची वाळू कोरडी होती.

दुसऱ्या दिवशी उजाडताना वाळू हलली. काळं डोकं, इवलाले पाय, एकामागून एक पिल्लं! खाली सरकत ती बांधापाशी आली आणि अडली. शेखर सर रविनाकडं बघायला लागले.

"ज्यानं घातला त्यानंच फोडायचा," रविना म्हणाली, आणि टाच मारून तिनं आपला बांध फोडला.

पिल्लं त्या वाटेनं घुसली. लाटेनं पहिलं उचललं, दुसरं उचललं. शेवटचं पाण्यात शिरलं तेव्हा सगळं शिबिर ओरडत होतं, आणि सगळ्यात मोठा आवाज रविनाचा होता:

"गेली! समदी गेली!"